पाठलाग आणि नंबराची पाटी

सन १८९६ च्या जानेवारी महिन्याची २८ वी तारीख. इंग्लंडातील केंट परगण्यात पॅडक वुड नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावच्या रस्त्याने वॉल्टर अर्नोल्ड नावाचे एक गृहस्थ आपली मोटारगाडी हाकीत चालले होते. गाडीला घोडा नव्हता, आणि गाडीपुढे पायी चालणारा मनुष्यही नव्हता. त्या काळच्या कायद्याप्रमाणे यंत्राच्या गाडीने गावातून ताशी दोन मैलांहून अधिक वेगाने जाता कामा नये, आणि तिच्यापुढे लोकांस सावध करणारा एक इसम चालत असला पाहिजे, असे बंधन होते. हे बंधन मुळात सडकेवरून धडधडत जाणाऱ्या वाफेच्या अवजड एंजिनांसाठी घातलेले. बिचाऱ्या मोटारीला ते वारसाने मिळाले. अर्नोल्डसाहेबांची गाडी ताशी आठ मैलांनी चालली होती. गावचा शिपाई त्या वेळी जेवावयास बसला होता, असे सांगतात. गाडी दृष्टीस पडताच तो ताटावरून उठला, सायकलवर बसला, आणि पाच मैल पाठलाग करून त्याने ती गाडी गाठली. वेगाच्या गुन्ह्याबद्दल अर्नोल्ड यांस एक शिलिंग दंड झाला. खटल्याचा खर्च निराळा.

वेगाबद्दल मोटारवाल्यास शिक्षा झाल्याचा हा पहिला प्रसंग म्हणून मोटारीच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि वाचणारा ती वाचून हसतो. आम्हीही हसलो. परंतु हसून झाल्यावर मनात विचार आला तो असा की, या पाठलागात कोणाच्या जिवास काय धोका झाला? शिपायाच्या पोटऱ्यांत गोळे आले असतील, आणि ताटातले अन्न निवले असेल. याहून अधिक हानी कोणाची झाली नाही. गुन्हा एका शिलिंगाचा होता आणि पाठलागही एका शिलिंगाचाच होता. गुन्हा आणि पाठलाग यांच्यातील हे प्रमाण पुढे कसे बिघडत गेले, आणि क्षुल्लक नियमभंगासाठी पोलिसांनी मोटारीमागे मोटार घालावी किंवा घालू नये, हा वाद पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, एवढ्या हिरिरीने का चालला आहे, हे पाहण्याचा या लेखात विचार आहे.

या वादाची मुळे मोटारीहून फार जुनी आहेत. इंग्लंडात १२८५ साली झालेल्या विंचेस्टरच्या कायद्याने असे ठरविले होते की, अपराध्यामागे आरोळी उठली म्हणजे गावातील लोकांनी हातातली कामे टाकून त्याच्या मागे धावले पाहिजे. पळणाऱ्यास धरणे हे त्या काळी शिपायाचे काम नव्हते, कारण आजच्यासारखा पगारी शिपाईच मुळी नव्हता. पुढे इंग्रजी रूढ कायद्यात अपराधांचे दोन वर्ग पडले. एक महापराधांचा आणि दुसरा क्षुद्रापराधांचा. महापराधी पळू लागला आणि अन्य उपायाने हाती येईना, तर त्याचा जीव घेऊनही त्यास थांबविण्याची मुभा होती. ही मुभा आज आपणांस क्रूर वाटते; परंतु त्या काळी बहुतेक महापराधांस फाशीचीच शिक्षा असल्यामुळे, जे उद्या वधस्तंभावर व्हावयाचे तेच आज रस्त्यावर झाले, असे लोक मानीत. क्षुद्रापराध्याची गोष्ट निराळी होती. तो पळाला तर पळाला. त्यास धरण्यासाठी त्याच्या जिवावर उठण्याचा अधिकार कोणासही नव्हता. शतकानुशतके कायद्याने सांभाळलेली ही रेघ कोणत्याही विधिमंडळाने ठराव करून पुसलेली नाही. ती मोटारीने पुसली, आणि पुसली गेली हे बराच काळ कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मोटारीच्या आरंभीच्या काळात शिपाई सायकलवर होता, आणि सायकल मोटारीस सहज गाठीत असे. न्यूयॉर्क शहरात थिओडोर रूझवेल्ट हे १८९५ पासून १८९७ पर्यंत पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. पुढे हेच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत तेथे सायकलस्वार शिपायांचे पथक निघाले. बेफाम सायकली पळविणाऱ्या तरुणांस आवरणे आणि उधळलेल्या घोड्यांस लगाम धरून थांबविणे ही त्या पथकाची मुख्य कामे होती. १८९९ च्या मे महिन्यात याच पथकातील एका अंमलदाराने लेक्सिंग्टन अव्हेन्यू या रस्त्यावर विजेच्या भाडोत्री गाडीच्या चालकास ताशी बारा मैल वेगाने चालल्याबद्दल पकडले आणि कोठडीत नेऊन बसविले. बारा मैल! आज एखादा धट्टाकट्टा मुलगा शाळेस उशीर झाला म्हणजे सायकलवर त्याहून वेगाने जातो.

परंतु सायकल मोटारीस गाठते ही स्थिती फार दिवस टिकणार नाही, हे जाणत्या लोकांस तेव्हाच दिसू लागले होते. मोटारीचा वेग दरवर्षी वाढत होता आणि शिपायाचे पाय होते तेवढेच होते. त्यावर जी तोड निघाली ती आमच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. ती म्हणजे नंबराची पाटी. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ सालीच अशी पाटी सक्तीची केली होती. इंग्लंडात १९०३ च्या मोटार कायद्याने प्रत्येक गाडीची नोंद करून तिच्यावर नंबर लावणे भाग पाडले, आणि १ जानेवारी १९०४ पासून ते अमलात आले. याच कायद्याने वेगाची मर्यादा ताशी वीस मैलांपर्यंत वाढवून दिली, म्हणजे एका हाताने वेग दिला आणि दुसऱ्या हाताने नाव मागितले. गाडी चालविणारा कोण होता याची माहिती मागितली असता ती आपल्याकडून होईल तितकी पुरविणे हेही मालकाचे कर्तव्य ठरले. श्रीमंत मोटारवाल्यांस हा प्रकार अपमानकारक वाटला. भाड्याच्या टांग्यास असतो तसा नंबर सभ्य गृहस्थाच्या गाडीला, ही कल्पनाच त्यांस सोसेना. अर्थात मानवी स्वभाव असा की, ज्या पाटीस लोक नाके मुरडीत होते तिचाच पहिला क्रमांक मिळविण्यासाठी पुढे धडपड झाली. लंडनचा ‘ए १’ हा नंबर आपणांस मिळावा म्हणून अर्ल रसेल यांनी, म्हणजे तत्त्ववेत्ते बर्ट्रंड रसेल यांच्या वडील बंधूंनी, कचेरीबाहेर रात्र काढली अशी कथा आहे.

वाचकांनी या पाटीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. पाटी म्हणजे शिपायास धावावे लागू नये म्हणून काढलेली युक्ती. गाडी पुढे गेली तरी तिचे नाव मागे राहते. शिपायाने ते टिपून घ्यावे, कचेरीत जाऊन वही उघडावी, आणि उद्या सकाळी मालकाच्या दारात उभे राहावे. कायद्याचा हात लांब असतो असे आपण म्हणतो. तो लांब असतो याचे कारण त्यास घाई नसते.

आणि काही वर्षे इंग्लंडात झालेही तसेच. शिपाई रस्त्याकडेच्या कुंपणाआड दडून बसत, मोजलेले अंतर तोडण्यास गाडीस किती वेळ लागला ते घड्याळावर पाहत, आणि दंड वसूल होई. यात वीरश्री नव्हती. उलट कुचेष्टाच फार होती. मोटारवाल्यांनी १९०५ साली आपली एक संस्था काढून सायकलस्वार पहारेकरी नेमले. पुढे सापळा आहे अशी सूचना देणे हे या पहारेकऱ्यांचे काम. वेगाने येणाऱ्या मोटारवाल्यास अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय १९१० च्या सुमारास न्यायालयाने दिला, तेव्हा संस्थेने उलटी चाल केली. पहारेकरी सभासदास नेहमी सलाम करी. ज्या दिवशी तो सलाम करणार नाही त्या दिवशी सभासदाने समजावे की पुढे काहीतरी आहे. सलाम न केल्याबद्दल कोणावर खटला भरता येणार? अशा रीतीने हा झगडा लपंडावाच्या पातळीवर राहिला होता, आणि त्या पातळीवरच तो राहता तर आज हा लेख लिहिण्याचे प्रयोजन पडले नसते.

मग पाटी असताना पाठलाग पुन्हा का सुरू झाला? पहिले उघड कारण हे की शिपायास मोटार मिळाली. पाय असते तोवर मनुष्य हिशेब करतो. चाके मिळाली म्हणजे हिशेब सुटतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात चोरटी दारू वाहणाऱ्यांनी आपल्या गाड्यांची एंजिने मुद्दाम जलद करून घेतली, आणि पोलिसांनी त्यांच्याहून जलद गाड्या घेतल्या. १९२८ साली डेट्रॉइट शहरात पोलिसांच्या मोटारीस बिनतारी संदेश ऐकण्याची सोय झाली. १९३३ साली बेयॉन येथे मोटारीतून उलट बोलण्याचीही सोय झाली. वास्तविक या साधनाने पाठलाग कमी व्हावयास पाहिजे होता, कारण मोटार कितीही पळाली तरी ती बिनतारी संदेशापुढे पळू शकत नाही. परंतु घडले असे की, पूर्वी एक गाडी मागे लागत असे तेथे संदेश ऐकून चार गाड्या मागे लागू लागल्या.

आणि त्यात सिनेमाची भर पडली. मॅक सेनेट यांच्या मूकपटांतले धांदरट पोलीस १९१२ पासून पडद्यावर पाठलाग करीत आले आहेत. तेथे गाड्या आपटतात, माणसे हवेत उडतात आणि पुन्हा उठून धावू लागतात. पुढे पाठलाग हे गंभीर बोलपटांचेही मुख्य आकर्षण झाले, आणि आणखी पुढे तर खरे पाठलागच हेलिकॉप्टरमधून चित्रित करून घरोघरी दाखविण्यात येऊ लागले. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन या खुनाचा आरोप असलेल्या प्रसिद्ध खेळाडूच्या गाडीमागून पोलिसांच्या गाड्या संथपणे चाललेल्या कोट्यवधी अमेरिकनांनी पाहिल्या. लहानपणापासून जो देखावा करमणूक म्हणून पाहिला, तो रस्त्यावर प्रत्यक्ष घडताना शिपायास आणि पळणाऱ्यास दोघांसही ओळखीचा वाटतो. हे आमचे अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण ते अगदीच पोकळ नसावे.

यापुढची कथा मात्र हसण्याजोगी नाही. ती आम्ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या तीन खटल्यांच्या आधारे सांगतो, कारण तेथे घटना साक्षीपुराव्याने नोंदल्या गेल्या आहेत. ज्यांच्यावर त्या ओढवल्या त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

पहिली घटना कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परगण्यातली, मे १९९० ची. एक अठरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल वेगाने चालवीत होता, आणि त्याच्या मागे सोळा वर्षांचा एक मित्र बसला होता. पोलिसांनी थांबण्यास सांगितले, दोन गाड्या जवळ आणून वाट अडविण्याचा प्रयत्न केला. त्या दोहोंमधून वाट काढून मोटारसायकल निसटली. पाठलाग अवघा ७५ सेकंद चालला. या सव्वा मिनिटात वस्तीतल्या रस्त्यांवरून सुमारे सव्वा मैल अंतर तोडले गेले, वेग ताशी शंभर मैलांपर्यंत गेला, वाटेतल्या दोन मोटारी आणि एक सायकल यांस रस्त्याबाहेर जावे लागले. एका चढावापलीकडे मोटारसायकल कलंडली. मागून येणारी पोलिसांची गाडी थांबू शकली नाही. ती मागे बसलेल्या मुलावर आदळली आणि तो तेथेच गेला. गाडी तो चालवीत नव्हता. थांबावे की पळावे हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते. १९९८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, हानी करण्याचाच हेतू असल्याखेरीज अशा पाठलागातील मृत्यूबद्दल पोलिसांस राज्यघटनेखाली जबाबदार धरता येत नाही.

दुसरी घटना जॉर्जियातील, मार्च २००१ ची. ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर एकोणीस वर्षांचा एक तरुण ७३ मैलांनी चालला होता. पोलिसांनी दिवे लावले. तो थांबला नाही. सुमारे सहा मिनिटांत दहा मैल अंतर झाले. मध्येच पाठलागात सामील झालेल्या एका अंमलदाराने शेवटी आपल्या गाडीने त्याच्या गाडीस मागून धक्का दिला. गाडी रस्त्याबाहेर जाऊन उलटली, आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. ज्या अंमलदाराने धक्का दिला त्यास पाठलागाचे मूळ कारण काय, हेच त्या वेळी ठाऊक नव्हते. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, गाडीचा नंबर पोलिसांनी आधीच टिपून घेतलेला होता. १९०३ च्या युक्तीने आपले काम चोख बजावले होते. परंतु तिच्याकडे पाहण्यास कोणासही सवड नव्हती.

हा खटला २००७ साली आठ विरुद्ध एक अशा मताने पोलिसांच्या बाजूने सुटला. पोलिसांच्या गाडीतून घेतलेले चलच्चित्र न्यायाधीशांनी स्वतः पाहिले, आणि न्यायालयाने ते सर्व जगास पाहण्यासाठी खुले केले. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांस त्यात सिनेमात शोभावा असा भयंकर पाठलाग दिसला. ८७ वर्षांचे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. तेच चित्र पाहून त्यांस बहुतेक मोकळा रस्ता, बाजूस थांबलेल्या गाड्या आणि सिग्नलचा वापर करीत पुढे जाणारा तरुण दिसला. आपले सहकारी तरुणपणी दुपदरी रस्त्यावर गाडी चालविण्यास शिकले असते तर त्यांस एवढे भय वाटले नसते, अशी कोपरखळीही त्यांनी मारली. नंतर काही कायदेपंडितांनी हेच चित्र १,३५० अमेरिकनांस दाखवून त्यांची मते विचारली, आणि २००९ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुसंख्यांस न्यायालयाचे म्हणणे पटले. परंतु पाहणारा कोणत्या वर्णाचा, कोणत्या मिळकतीचा, कोणत्या राजकीय मताचा, यावर त्याला काय दिसले हे पुष्कळ अंशी अवलंबून होते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल वाद होत नाही, असे आपण समजतो!

तिसरी घटना जुलै २००४ मधली. आर्कान्सास राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे रात्रीच्या वेळी एक मोटार पोलिसांनी थांबविली, कारण तिच्या पुढच्या दोन दिव्यांपैकी एकच चालू होता. चालक काही वेळ थांबला आणि मग निघून गेला. मिसिसिपी नदीवरचा पूल ओलांडून पाठलाग शेजारच्या राज्यातील मेम्फिस शहरात गेला. वेग शंभर मैलांच्या पुढे, वाटेत दोन डझनांहून अधिक गाड्या. अखेर गाडी कोंडली गेली, तरीही चालक ती मागेपुढे रेटू लागला, तेव्हा पोलिसांनी पंधरा गोळ्या झाडल्या. चालक मेला, आणि त्याच्या शेजारी बसलेली स्त्रीही मेली. २०१४ साली नऊही न्यायाधीशांनी पोलिसांस निर्दोष ठरविले. हे निकाल चुकीचे आहेत असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या देशाची घटना आणि तिचे अर्थ लावण्याची परंपरा त्यांची त्यांस ठाऊक. परंतु एक न लागलेला दिवा आणि दोन प्रेते यांच्यामध्ये जी पायऱ्यांची मालिका आहे, ती एकेक पायरी पाहिली तर कायदेशीर दिसते आणि सबंध पाहिली तर वेड्यासारखी दिसते, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

याच न्यायालयाने १९८५ साली निःशस्त्र पळणाऱ्यावर, तो कोणास धोकादायक नसताना, गोळी झाडता येणार नाही असा महत्त्वाचा निर्णय दिला होता. आणि तो खटला साध्या वाहतुकीचा नव्हे, घरफोडीचा होता. म्हणजे जुनी रेघ आणखी ठळक झाली. मग मोटारीच्या प्रसंगी ती दिसेनाशी का होते? कारण असे की, पळणाऱ्याची मोटार हीच शस्त्र मानली जाते, आणि मागून येणाऱ्या मोटारीस मात्र शस्त्र मानले जात नाही. मागे जाणे म्हणजे बळाचा वापर नव्हे, अशी समजूत आहे. तांबडा दिवा ओलांडला म्हणून भर बाजारात बंदूक चालविण्याची परवानगी कोणतेही सरकार शिपायास देणार नाही. पण त्याच बाजारातून दोन टन लोखंड ताशी ऐंशी मैलांनी नेण्याची परवानगी तो वरिष्ठांस न विचारता स्वतःच घेऊ शकतो, किंवा कालपरवापर्यंत घेऊ शकत होता. आणि एकदा पाठलाग सुरू झाला की मूळ अपराध विसरला जातो. न लागलेला दिवा, ओलांडलेली मर्यादा हे सर्व मागे पडते आणि ‘मी थांब म्हटले आणि हा थांबला नाही’ हा नवा अपराध पुढे येतो. तो कायद्यापेक्षा मानापमानाच्या प्रांतातला अधिक असतो. शिपाईही मनुष्यच आहे, आणि रक्त तापल्यावर त्याने वही उघडावी ही अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय करण्यासारखे आहे. म्हणूनच नियम त्याने नव्हे, तर थंड डोक्याने दुसऱ्या कोणी आधी करून ठेवला पाहिजे.

असे नियम करून पाहिल्याचा अनुभवही आहे. फ्लॉरिडातील मायामीच्या महानगर पोलिसांनी १९९२ साली केवळ हिंसक गुन्ह्यांसाठीच पाठलाग करावयाचा असे ठरविले. पुढच्याच वर्षी पाठलागांची संख्या २७९ वरून ५१ वर आली. उलट ओमाहा शहराने १९९३ साली नियम सैल केले, तर तेथे एका वर्षात १७ चे १२२ झाले. ही माहिती जेफ्री आल्पर्ट या गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. पाठलागात सापडून तुरुंगात गेलेल्या १४६ इसमांस त्यांनी विचारले की, पोलिसांनी मागे येणे सोडले असते तर तुम्ही काय केले असते? शेकडा सत्तरांहून अधिक जणांनी सांगितले की, आपण वेग कमी केला असता. तोही शहरात असल्यास दोन-तीन चौकांच्या आत. आरोपींच्या तोंडचे हे उत्तर कितपत खरे मानावे हा प्रश्न आहेच. तथापि ज्याच्या मागे कोणी लागले नाही तो धावत सुटत नाही, हे समजण्यास गुन्हेशास्त्र लागत नाही.

आता दुसरी बाजू. ती अमेरिकेतील जुन्या विचारांच्या पोलिसांची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिच्यात वजन आहे. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ती नेमकी मांडली आहे. जो बेफामपणे पळेल त्याला सोडून द्यावे, असा नियम एकदा लोकांस कळला, म्हणजे प्रत्येक जण बेफामपणे पळेल, आणि जो सालसपणे थांबेल तोच दंड भरील. न्यूझीलंडात डिसेंबर २०२० मध्ये पाठलागावर कडक बंधने आली. त्यानंतर थांबण्याचा इशारा न जुमानणाऱ्यांच्या घटना वाढल्या, आणि २०२३ साली बंधने पुन्हा सैल करावी लागली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२१ साली असेच बंधन कायद्याने घातले. मोटारचोऱ्या वाढल्या त्या यामुळेच, असे पोलीस म्हणू लागले. इतर म्हणाले, चोऱ्या त्या वर्षांत सगळीकडेच वाढल्या होत्या. अखेर २०२४ साली तेथील विधिमंडळाने लोकांच्या मागणीवरून आलेला ठराव संमत केला, आणि पळणारा इतरांच्या सुरक्षिततेस धोका असल्यास कोणत्याही नियमभंगाच्या सकारण संशयावर पाठलाग करता येईल, असे ठरले. नंबराच्या पाटीवरही आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पाटी चोरीची असू शकते, गाडी चोरीची असू शकते, आणि पाटी गाडीचे नाव सांगते, चाकामागे बसलेल्या माणसाचे सांगत नाही.

हे सर्व मान्य करूनही आमचे मत फिरत नाही. चोरीची मोटार किंवा सशस्त्र दरोडेखोर यांची उदाहरणे घेऊन दिव्याच्या आणि वेगाच्या गुन्ह्यांस उत्तर देता येत नाही. शंभरांतला एखादा न थांबणारा सुटला तर सरकारचा दंड बुडेल; तो बुडू द्यावा. कारण दुसऱ्या पारड्यात जे आहे ते दंडाच्या रकमेत मोजता येणारे नाही. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या संख्याशास्त्र विभागाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९९६ ते २०१५ या वीस वर्षांत पाठलागांतील अपघातांनी दरवर्षी सरासरी ३५५ माणसे मेली, म्हणजे जवळजवळ दररोज एक. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे पळणाऱ्या गाडीत नव्हती आणि पोलिसांच्या गाडीतही नव्हती. ती आपल्या कामाला किंवा घरी चालली होती.

जानेवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील चिको या गावी एक पंधरा वर्षांची मुलगी आईबाप आणि भाऊ यांच्यासह बास्केटबॉलच्या सामन्यास चालली होती. दुसरी एक तेवढ्याच वयाची मुलगी आपल्या आईची गाडी न विचारता घेऊन निघाली होती, आणि पोलीस तिच्या मागे होते. चौकात दोन्ही गाड्यांची टक्कर झाली. सामन्यास निघालेली मुलगी काही दिवसांनी वारली. पळणारी मुलगी कोण आणि ती कोठे राहते, हे पोलिसांस आधीपासून ठाऊक होते. तिच्या आईनेच त्यांस कळविले होते. मृत मुलीच्या आईने पुढे अनेक वर्षे विधिमंडळाच्या पायऱ्या झिजविल्या. तिने मागितलेला कायदा तिला हव्या त्या रूपात मिळाला नाही. २००५ साली पोलिसांच्या शिक्षणाविषयीचा एक सौम्य कायदा तेवढा झाला.

हा सगळा परदेशचा व्यवहार आहे, आपल्याकडे एवढ्या वेगाचे रस्ते कोठे, असे एखादा वाचक म्हणेल. आपल्याकडे बहुधा हवालदारच झाडाआडून पुढे येतो आणि स्कूटरची मूठ धरतो. पाठलाग दहा पावलांचा असतो. पण दहा पावलेही पुरतात. ७ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ एक नवराबायको मोटारसायकलवरून चालले होते. नवऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. थांबण्याचा इशारा झाल्यावर तो थांबला नाही. वाहतूक पोलिसांच्या एका निरीक्षकाने मागून जाऊन मोटारसायकलीस लाथ मारली. गाडी पडली आणि बायको मेली. त्या रात्री हजारो लोक तंजावरच्या हमरस्त्यावर येऊन बसले, आणि निरीक्षकास अटक झाली. शिरस्त्राणाचा नियम डोके फुटू नये म्हणून केलेला आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संशोधन मंडळाने, सरकारच्या साहाय्याने, पाठलागाविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली. हिंसक गुन्हा घडला असेल आणि पळणाऱ्यापासून लगेच पुन्हा तसाच धोका असेल तरच मागे जावे, एरवी नंबर घेऊन थांबावे, अशी तिची शिफारस आहे. ती सक्तीची नाही. त्या देशातील हजारो पोलीस ठाण्यांपैकी प्रत्येकाने आपला नियम आपणच करावयाचा आहे, आणि नऊ महिन्यांच्या आत वॉशिंग्टन राज्यातला नवा कायदा अमलात येऊन तेथील नियम उलट दिशेने गेले.